माओरी शाळा माओरींच्याच हातात का हव्यात

२०२४ च्या नोव्हेंबरमधला न्यूझीलंडच्या संसदेतला तो व्हिडिओ आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या फोनवर येऊन गेलाय. बावीस वर्षांची खासदार हाना-राफिती मायपी-क्लार्क उभी राहते, माओरींशी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांशी, ब्रिटिशांनी १८४० मध्ये केलेल्या तहाचा अर्थ नव्याने ठरवू पाहणाऱ्या विधेयकाची हातातली प्रत फाडते आणि हाका, म्हणजे माओरींचं समूहाने करायचं गर्जना-नृत्य, सुरू करते. आपल्याकडे लोकांनी अंगावर काटा आला म्हणून तो पुढे पाठवला, आणि येतोच काटा. पण मला त्यात जास्त मोलाचं वाटतं ते हे की दोनतीन ओळींच्या आत आजूबाजूच्या बाकांवरून आणि वरच्या गॅलरीतून माणसं त्यात सामील झाली, कोणाला कागद बघावा लागला नाही, शब्द सगळ्यांच्या तोंडात होते. ही तीच माओरी भाषा आहे जिच्याबद्दल पन्नास वर्षांपूर्वी जाणकार मंडळी सांगत होती की आता फार तर एखादी पिढी, मग संपलं.

ती संपली नाही, आणि का संपली नाही यावर आपल्याकडे जे बोललं जातं ते मला पटत नाही. सरकारने राजभाषा केली, टीव्ही चॅनल दिला म्हणून वाचली, असं साधारण सांगतात. हे सगळं झालं, पण नंतर झालं. आधी काय झालं तर आईबापांनी आणि आज्या-आजोबांनी सरकारची वाट न बघता स्वतःच्या बालवाड्या काढल्या, मग स्वतःच्या शाळा काढल्या, आणि सरकारला मागून यायला लावलं. माझं म्हणणं एवढंच आहे की अल्पसंख्य झालेल्या समाजाची भाषा शाळेतून जगवायची असेल तर ती शाळा त्या समाजाच्या ताब्यात असायला लागते, सरकारने पैसा आणि मान्यता द्यावी आणि कारभारात हात घालू नये. न्यूझीलंडचा दीडशे वर्षांचा इतिहास हेच दाखवतो, चांगल्या बाजूनेही आणि वाईट बाजूनेही.

वाईट बाजू आधी. बऱ्याच लोकांची अशी समजूत आहे की माओरी समाज निरक्षर होता आणि इंग्रजांनी त्यांना शिक्षण दिलं. तसं नाहीये. मिशनऱ्यांची पहिली शाळा १८१६ मध्ये उत्तरेला रंगीहोउआला निघाली, तिथे शिकवणं माओरीतून होतं, आणि पुढच्या तीस-चाळीस वर्षांत लिहिणं-वाचणं गावोगाव पसरलं, बरंचसं माओरी लोकांनीच एकमेकांना शिकवून. १८६२ मध्ये तर माओरी राजाच्या चळवळीचं 'ते होकिओई' नावाचं स्वतःचं वर्तमानपत्र होतं, आणि ते ज्या यंत्रावर छापलं जायचं ते ऑस्ट्रियाच्या राजघराण्याकडून भेट मिळालेलं, कारण दोन माओरी माणसं एका ऑस्ट्रियन जहाजातून व्हिएन्नाला जाऊन तिथे छपाई शिकून आली होती. अशा समाजाला १८६७ च्या नेटिव्ह स्कूल्स कायद्याने सांगितलं की शाळा हवी असेल तर जमीन तुम्ही द्या, खर्चात वाटा तुम्ही उचला, आणि शिकवणार आम्ही इंग्रजीतून.

लोकांनी जमिनी दिल्या. अनेक माओरी पुढाऱ्यांनी स्वतःहून अर्ज केले की आमच्या मुलांना इंग्रजी शिकवा. आज तिकडे जे लोक माओरी शिक्षणाच्या विरोधात बोलतात ते हाच मुद्दा काढतात, की तुमच्याच पूर्वजांनी मागितलं होतं ना. मागितलं होतं, पण काय मागितलं होतं हे बघायला नको का? त्या वेळी घरात, शेतात, सभेत, प्रार्थनेत सगळीकडे माओरीच होती, ती कुठे जाईल असं कोणाच्या मनातही आलं नसेल. ते दुसरी भाषा मागत होते, व्यापारासाठी, कोर्टासाठी, जमिनीच्या कागदपत्रांत फसवणूक होऊ नये म्हणून. पहिली भाषा देऊन टाकतो असं कोणी लिहून दिलं नव्हतं. सुरुवातीला खालच्या इयत्तांत समजावण्यापुरती माओरी चालायची, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तेही बंद झालं आणि शाळेच्या आवारात माओरी बोललं की पट्टीचा, छडीचा मार. हे ज्यांच्याबरोबर झालं त्यातली माणसं अगदी अलीकडेपर्यंत हयात होती, त्यांनी चौकशीपुढे, मुलाखतींत हे सांगितलेलं आहे.

आणि बदल्यात जे मिळायला हवं होतं ते तरी मिळालं का, तर नाही. 'ते आउते' नावाच्या माओरी मुलांच्या कॉलेजमधून आपिराना ङाता शिकले, १८९३ मध्ये न्यूझीलंडच्या विद्यापीठाची पदवी घेणारे पहिले माओरी झाले, त्यांच्या मागून डॉक्टर, पुढारी तयार झाले. मग अधिकाऱ्यांना वाटायला लागलं की माओरी मुलांना एवढं पुस्तकी शिक्षण कशाला, शेती शिकवा. १९३१ साली शिक्षण खात्याचे संचालक टी. बी. स्ट्राँग यांनी तर उघडच मांडलं की माओरी मुलाने चांगला शेतकरी व्हावं आणि मुलीने चांगल्या शेतकऱ्याची बायको. म्हणजे भाषा काढून घेतली ती प्रगतीच्या नावाखाली, आणि प्रगतीची दारं मात्र अर्धीच उघडली. मला या सगळ्यात सगळ्यात जास्त चीड याची येते.

आकडे बघितले की घसरण किती झपाट्याने झाली ते कळतं. १९१३ मध्ये माओरी शाळकरी मुलांपैकी साधारण ९० टक्के मुलं माओरी बोलायची, १९५३ मध्ये २६ टक्के, १९७५ मध्ये ५ टक्क्यांपेक्षा कमी. मधल्या काळात दुसरं महायुद्ध झालं आणि त्यानंतर लोक गावं सोडून ऑकलंड, वेलिंग्टनला कारखान्यांत, गोदीवर कामाला आले. सरकारी घरं देताना एका गल्लीत एकच माओरी कुटुंब, आजूबाजूला सगळे गोरे, असं मुद्दाम विखरून देण्याचं धोरण होतं, म्हणजे आपोआप मिसळतील. मग पोरं खेळणार कोणाशी आणि बोलणार कशात? १९७० च्या दशकात रिचर्ड बेंटन यांनी घरोघरी जाऊन जी पाहणी केली तिच्यात जवळपास ७० हजार अस्खलित बोलणारे सापडले, पण बहुतेक वयस्कर, आणि लहान मुलं माओरीतून वाढतायत अशी घरं अगदी मोजकी.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. मार खाल्लेल्या पिढीने आपल्या मुलांशी घरात माओरी बोलणं स्वतःहून थांबवलं, आणि ते द्वेषापोटी नाही तर मायेपोटी. आपल्याला जे भोगावं लागलं ते पोरांना नको, पोरांनी चांगलं इंग्रजी बोलावं, नोकरी लागावी. त्या आईबापांना दोष देणारे लोक मला अजिबात आवडत नाहीत. सरकारने छडी शाळेत चालवली, पण तिची भीती घरात आली, आणि एकदा भीती घरात आली की कायदा बदलून ती जात नाही. म्हणून तर नंतरचा इलाजही घरापासूनच सुरू करावा लागला.

पहिली ठिणगी विद्यार्थ्यांची. ङा तामातोआ नावाची तरुणांची संघटना, वेलिंग्टनच्या विद्यापीठातली माओरी भाषा मंडळी, या सगळ्यांनी सह्या गोळा केल्या आणि १४ सप्टेंबर १९७२ ला तीस हजारांहून जास्त सह्यांचा अर्ज संसदेच्या पायऱ्यांवर दिला, शाळांमध्ये आमची भाषा शिकवा एवढीच मागणी. त्यात पुढे होती हाना ते हेमारा. संसदेत कागद फाडणारी हाना तिच्याच नात्यातली. गंमत म्हणजे हा अर्ज देणाऱ्यांपैकी कितीतरी जणांना स्वतःला माओरी धड बोलता येत नव्हती, जे आपल्यापासून गेलं ते परत मागत होते ते. त्या अर्जाने माओरी भाषा दिवस आला, १९७५ पासून आठवडा आला, काही शाळांत विषय म्हणून तास सुरू झाले. पण आठवड्यातून दोनतीन तास शिकवून कोणी भाषा बोलायला लागत नाही, आपण शाळेत तीन वर्षं संस्कृत घेतलेल्या कोणालाही विचारा.

मग आलं कोहंगा रेओ, म्हणजे भाषेचं घरटं. पहिलं सुरू झालं एप्रिल १९८२ मध्ये वेलिंग्टनजवळच्या वाइनुइओमाताला, पुकेआतुआ इथे. कल्पना इतकी साधी की तज्ज्ञांना सुचली नसती. भाषा उरली आहे आज्या-आजोबांकडे, मधल्या पिढीकडे नाही, आणि भाषा सहज उचलतात ती दुधाच्या दातांची पोरं, तर मग या दोघांना दिवसभर एकत्र ठेवा. माराएवर, म्हणजे त्यांच्या सभागृह-आवारात, चर्चच्या हॉलमध्ये, नाहीतर कोणाच्या घरच्या गॅरेजमध्ये. सकाळी सगळे मिळून काराकिया म्हणजे प्रार्थना, मग गाणी, खेळणं, जेवण, गाद्या टाकून दुपारची झोप, आणि दारातून आत आल्यापासून इंग्रजीचा एक शब्द नाही, पोर रडत असलं तरी त्याची समजूत माओरीतच काढायची. तिथे शिक्षिका नव्हती, आजी होती, नॅनी. भात सांडला की ओरडणारी आणि मग जवळ घेणारी. ज्या आजीला लहानपणी याच भाषेसाठी मार बसला होता तिलाच आता सांगितलं जात होतं की तुझ्याकडे जे आहे ते दुसऱ्या कोणाकडे नाही, ते आम्हाला दे.

आणि आईबापांना मूल सोडून निघून जाता येत नव्हतं. कारभार सगळा फानाऊचा, म्हणजे कुटुंब-गोतावळ्याचा. स्वयंपाक कोण करणार, हिशोब कोण ठेवणार, कोणाला कामावर घ्यायचं, सगळं बैठकीत बसून ठरायचं. इरिताना ताफिफिरांगी आणि त्यांच्यासारख्या बायकांनी ही चळवळ देशभर फिरून उभी केली, तीन वर्षांत चारशेच्या वर कोहंगा झाले, आणि १९९३ पर्यंत आठशेच्या पुढे, त्यात चौदा हजारांहून जास्त मुलं. कुठल्याही शिक्षण खात्याला एवढ्या वेगाने एवढं जमलं नसतं. सुरुवातीचा सरकारी पैसा आला तोसुद्धा माओरी व्यवहार खात्याकडून, शिक्षण खात्याकडून नाही, आणि मला वाटतं हे फार महत्त्वाचं आहे कारण त्यामुळे पहिली काही वर्षं कोणी येऊन खोलीची लांबी-रुंदी आणि बायकांची सर्टिफिकेटं तपासत बसलं नाही.

आता मोठ्यांचं काय? पोर घरी येऊन माओरीत काही मागतंय आणि आईला कळत नाहीये, अशी हजारो घरं. त्यांच्यासाठी ते आताआरांगी नावाची पद्धत होती, १९७९ मध्ये काटेरिना माताइरा आणि ङोई पेफाइरांगी या दोघींनी सुरू केलेली. गणिताच्या वर्गात वापरतात त्या रंगीत लाकडी कांड्या टेबलावर ठेवायच्या आणि त्यावरून बोलायचं, लाल कांडी घे, पांढरी तिच्यावर ठेव, निळी तिला दे. पुस्तक नाही, वही नाही, व्याकरण नाही. वर्गाचे नियम ठरलेले, इंग्रजी बोलायचं नाही, कोणी अडखळला तर त्याला शब्द पुरवायचा नाही, आपल्या पाळीची वाट बघायची, आणि एकमेकांशी आपुलकीने वागायचं. शेवटचा नियम मला सगळ्यात मोलाचा वाटतो. माओरीत फाकामा म्हणतात, लाज, संकोच, आपलीच भाषा आपल्याला येत नाही याची शरम. चाळीस वर्षांचा ट्रक ड्रायव्हर वर्गात बसतो आणि स्वतःच्या आजीच्या भाषेत लाल-पिवळं शिकतो तेव्हा त्याच्या आत काय चाललं असेल याचा विचार करा, भाषा धोरण ठरवणारे लोक हा विचार करत नाहीत, ते पुस्तकं छापतात.

कोहंगातली पहिली पोरं पाच वर्षांची झाली आणि साध्या इंग्रजी शाळेत गेली, तर काही महिन्यांत माओरी बोलायची बंद. घरट्यातून निघालेलं पाखरू बाहेर पडताच मुकं होत होतं. तर पालक परत एकत्र आले आणि १९८५ मध्ये पश्चिम ऑकलंडला होआनी वाइतिती माराएवर पहिली कुरा काउपापा माओरी सुरू केली, पूर्ण माओरी माध्यमाची शाळा, सरकारी चौकटीच्या बाहेर. सरकारने मान्यता दिली १९८९ च्या शिक्षण कायद्यात, म्हणजे शाळा चालवून दाखवल्यावर. या शाळांचं मूळ तत्त्व ते आहो मातुआ नावाच्या लेखात आहे आणि त्यात मुलाचं शरीर, मन, पूर्वज, भाषा सगळं एकत्र धरलंय. म्हणजे तीच सरकारी पाठ्यपुस्तकं माओरीत भाषांतर करून शिकवणं असा प्रकार नाही. मूल आधी आपला डोंगर कुठला, नदी कुठली, कुठल्या होडीतून पूर्वज आले, कुठली जमात, हे सांगायला शिकतं आणि मग स्वतःचं नाव सांगतं. फांगानुई नदीकाठचे लोक म्हणतात मी नदी आहे आणि नदी मी आहे, आणि २०१७ मध्ये न्यूझीलंडच्या संसदेने कायदा करून त्या नदीला कायदेशीर व्यक्तीचा दर्जा दिला. ज्या मुलांना ही ओळख शाळेतून मिळते त्यांना निसर्ग हा धडा पहिला, प्रश्न-उत्तरे असा शिकावा लागत नाही.

या सगळ्या चळवळीच्या रेट्याने १९८६ मध्ये वाइतांगी न्यायाधिकरणाने, म्हणजे त्या तहाच्या भंगाच्या तक्रारी ऐकणाऱ्या मंडळाने, सांगितलं की १८४० च्या तहात माओरींच्या ज्या मौल्यवान गोष्टींचं रक्षण करायचं वचन आहे त्यात भाषाही येते, आणि १९८७ मध्ये माओरी अधिकृत भाषा झाली. त्याच्या तीनच वर्षं आधी ऑकलंडच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काम करणाऱ्या नाइडा ग्लाविश यांना फोन घेताना किआ ओरा, म्हणजे माओरीतला नमस्कार, म्हणायची मनाई केली होती, त्यांनी ऐकलं नाही, त्यांना बाजूला केलं, देशभर गदारोळ झाला आणि पंतप्रधानांपर्यंत जाऊन शेवटी परवानगी मिळाली. आज त्याच देशाच्या विमानात किआ ओरा ऐकू येतं. ऑकलंडमधल्या आपल्या मराठी घरांतली पोरंसुद्धा शाळेत माओरी गाणी म्हणतात, जून-जुलैत मातारिकीची, म्हणजे माओरी नववर्षाची, सुट्टी घेतात, जी २०२२ पासून सार्वजनिक सुट्टी आहे. हे चांगलंच आहे, याला कोणी नाक मुरडू नये.

पण आता मी जो मुद्दा मांडतोय त्याची दुसरी बाजू. १९९० मध्ये कोहंगा रेओ शिक्षण मंत्रालयाकडे गेले. परवाने आले, इमारतीचे निकष आले, तपासणी आली. ज्या केंद्रात पदवीधर शिक्षक त्याला जास्त अनुदान, जिथे पालक आणि आज्या चालवतात त्याला कमी. म्हणजे ज्या बाईला भाषा आईच्या दुधातून आली ती सरकारच्या लेखी अपात्र, आणि कोर्स करून शिकलेली मुलगी पात्र. कोहंगावाल्यांनी स्वतःचा फाकापाकारी नावाचा प्रशिक्षण कोर्स तयार केला, पण त्याला योग्य किंमत आणि योग्य पगार मिळावा म्हणून वर्षानुवर्षं भांडावं लागलं. संख्या घसरत गेली, आठशेच्या पुढे गेलेली केंद्रं आज निम्म्याच्या आसपास आहेत. २०१२ मध्ये न्यायाधिकरणाने सरकारला दोषी धरलं की तुमच्या अनुदानाच्या आणि नियमांच्या चौकटीने या चळवळीचं नुकसान केलं. घसरणीला दुसरीही कारणं आहेत, आईबाप दोघं नोकरीला, दिवसभर थांबायला वेळ नाही, आज्या एकेक करून गेल्या. तरी मला वाटतं मूळ कारण हेच की जे लोकांचं होतं ते खात्याचं झालं. मुलांच्या सुरक्षेचे नियम असावेत, आग लागली तर बाहेर पडायला दार असावं, हिशोब तपासले जावेत, यात वाद नाही. पण कोण शिकवायला लायक आहे हे ठरवायचा हक्क जर मंत्रालयाकडे गेला तर भाषा तिथेच अडते.

विरोधातला नेहमीचा प्रश्न, मग इंग्रजीचं काय, पोटापाण्याचं काय. हा प्रश्न पालकांचा असतो तेव्हा तो खरा असतो आणि त्याला उत्तर द्यायलाच हवं. उत्तर असं की कुरात इंग्रजी शिकवतात, फक्त उशिरा, माओरी पक्की झाल्यावर. इंग्रजी तर तिथे हवेतच आहे, टीव्हीवर, दुकानात, गल्लीत, ती पोरांना येणारच, न येण्याची काही शक्यताच नाही. आणि परीक्षेचं म्हणाल तर माओरी माध्यमातली मुलं शालेय पात्रता मिळवण्यात इंग्रजी माध्यमातल्या माओरी मुलांपेक्षा सातत्याने पुढे राहिलेली आहेत. कोणी म्हणेल की त्या घरचे पालकच जास्त लक्ष देणारे असतात म्हणून. असेलही काही प्रमाणात, पण पालकांना शाळेत एवढं ओढून आणणं हेच तर या शाळांचं काम आहे, दुसऱ्या शाळांच्या फाटकावर पालकांना थांबवतात.

खरी अडचण वेगळीच आहे आणि तिच्यावर कमी बोललं जातं. बहुतेक माओरी मुलं आजही इंग्रजी माध्यमातच शिकतात, पूर्ण माओरी माध्यमात जाणारी दहातली एखादी. २०२३ च्या जनगणनेत माओरी बोलता येतं असं सांगणारे २,१३,८४९ लोक होते, २०१८ पेक्षा जवळजवळ १५ टक्के जास्त, हे आनंदाचं आहे. पण तो प्रश्न रोजच्या साध्या गोष्टींबद्दल बोलता येतं का असा असतो, आणि बोलता येणं वेगळं आणि घरात पोराला त्याच भाषेत झोपवणं वेगळं. दक्षिण बेटावरच्या ङाई ताहू जमातीने हे बरोबर ओळखलं, त्यांच्याकडे भाषा जवळजवळ गेलीच होती, तर त्यांनी शाळांच्या आधी घरांचं लक्ष्य ठेवलं, एक हजार घरं जिथे माओरी बोलली जाईल. सोपं नाहीये ते, पण मोजायचं तर हेच मोजायला हवं.

सरकारचं लक्ष्य आहे २०४० पर्यंत दहा लाख लोकांना निदान साधी माओरी बोलता यावी. मला या लक्ष्याबद्दल मनापासून आदर आहे पण भीतीही वाटते, कारण दहा लाख हा आकडा गाठायचा सोपा रस्ता म्हणजे सगळ्यांना शंभर शब्द शिकवणं. ज्या देशात पुरेसे शिक्षकच नाहीत तिथे आधी कुरा आणि कोहंगाला शिक्षक मिळाले पाहिजेत, मग इतर शाळांत रंग आणि आकडे. आणि शिक्षकच तर कमी केले जातायत. २०२४ मध्ये तिथल्या सरकारने शिक्षकांना माओरी शिकवणाऱ्या ते आहू ओ ते रेओ माओरी या कार्यक्रमाचे तीन कोटी डॉलर काढून गणिताच्या पुस्तकांकडे वळवले, खात्यांच्या नावांत इंग्रजी पुढे आणि माओरी मागे करायला लावलं. गणित हवंच, पण एका भाषेच्या ताटातलं काढून ते कशाला? सरकार बदललं की जे जातं ते सरकारने दिलेलं असतं. त्याच वर्षी तहाच्या त्या विधेयकाविरुद्धचा मोर्चा वेलिंग्टनला पोचला तेव्हा चाळीस हजारांच्या वर लोक होते, आणि एप्रिल २०२५ मध्ये ते विधेयक ११२ विरुद्ध ११ मतांनी पडलं. रस्त्यावर उतरलेल्यांत कोहंगात वाढलेली एक अख्खी पिढी होती, आता त्यांची पोरं खांद्यावर होती.

आता आपल्याकडचं. ही माहिती मराठीत वाचताना लगेच मनात येतं की आपली मराठी आणि त्यांची माओरी सारखीच, बघा त्यांनी कसं केलं. मला ही तुलना बरोबर वाटत नाही. मराठी आठ कोटींच्या वर लोकांची भाषा आहे, तिचं राज्य आहे, विद्यापीठं आहेत, मंत्रालय आहे, २०२४ पासून अभिजात दर्जा आहे. मराठी शाळा बंद पडतायत हे दुःख खरं आहे, मलाही आहे, पण त्यात छडी कोणी चालवली नाही. माओरीशी खरी तुलना करायची तर ती गोंडीशी, कोरकूशी, माडियाशी, कातकरीशी करायला हवी, आणि मग त्या गोष्टीत आपण मराठी लोक कुठे उभे आहोत हेही बघायला हवं, कारण गडचिरोलीच्या पोराला शाळेत पहिल्या दिवशी न कळणारी जी भाषा भेटते ती मराठी असते. मेळघाटातल्या कोरकू पोराचंही तेच.

गोंडी बोलणारे देशात २०११ च्या जनगणनेप्रमाणे तीस लाखांच्या आसपास आहेत, म्हणजे माओरी बोलणाऱ्यांच्या कित्येक पट, तरी ती राज्यघटनेतल्या भाषांच्या यादीत, आठव्या अनुसूचीत, नाही. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मोहगावात ग्रामसभेने २०१९ मध्ये स्वतःच्या बळावर गोंडी माध्यमाची शाळा काढली. गावाने ठरवलं, गावाने चालवली, म्हणजे वाइनुइओमाता आणि होआनी वाइतितीला जे झालं अगदी तेच. आणि शिक्षण विभागाने काय केलं तर शाळा अनधिकृत आहे म्हणून नोटीस दिली, प्रकरण हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं. राष्ट्रीय शिक्षण धोरणात मातृभाषेतून शिक्षण लिहिलंय, पेसा कायद्यात ग्रामसभेला आपल्या परंपरा जपायचा अधिकार आहे, कागदावर काहीच कमी नाही. हाका बघून ज्यांच्या अंगावर काटा आला त्या प्रत्येकाने मोहगावच्या शाळेच्या बाजूने बोललं पाहिजे असं मला फार वाटतं. तिकडच्या खासदार मुलीला टाळ्या देणं सोपं आहे, इथे आपल्याच भाषेच्या सरकारला सांगायचं आहे की बाबा, त्यांच्या शाळेला मान्यता द्या, शिक्षकांचा पगार द्या, आणि गोंडीतून काय शिकवायचं ते त्यांना ठरवू द्या.

न्यूझीलंडने १८६७ ते १९८९ इतका वेळ घालवला, शंभराहून जास्त वर्षं, हे मान्य करायला की माओरी माणूस स्वतःची शाळा चालवू शकतो. १९८४ मध्ये हवाईच्या लोकांनी कोहंगाचं बघून पूनाना लेओ नावाने तशाच बालवाड्या सुरू केल्या, तेव्हा त्यांची भाषा घरात बोलणारी लहान मुलं शंभरसुद्धा नसतील असं म्हणायचे, आणि आज तिकडे हवाईयन माध्यमातून बालवाडीपासून विद्यापीठापर्यंत शिकता येतं. शिकणाऱ्याला शिकायला उदाहरण आहे, गडचिरोलीत माणसं आहेत, आज्याही अजून आहेत. मोहगावच्या फाइलवर सही व्हायची आहे.